पन्नास ग्रॅम तांदूळ

आमच्या स्वयंपाकघरात वजनकाटा आला तो माझ्या मुलीच्या आजारामुळे. त्याआधी आमच्या घरात काही मोजलंच जात नव्हतं असं लिहिलं तर माझी आई रागावेल, म्हणून नीट सांगतो. मोजलं सगळं जायचं, पण हाताने. मूठ, ओंजळ, चिमूट, बोटाच्या पेरापर्यंत पाणी, आणि या सगळ्यांच्या वरचं एक माप होतं, 'डोळ्याला बरं दिसंल तेवढं'. या मापावर आईने साताऱ्याकडच्या आमच्या गावात चार पोरं वाढवली आणि दोन लग्नांचे स्वयंपाक काढले. मुलगी झाली तेव्हा ती आमच्याकडे कोपरखैरण्याला आली, ती राहिलीच. मी न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डात, बायको रबाळ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो की घर, मुलगी आणि दुपारचं जेवण आईच्या हातात.

मुलगी तिसरीत असताना अचानक वाळायला लागली. सारखं पाणी प्यायची, सारखी बाथरूमला जायची. आम्ही उन्हाळ्याला दोष दिला. मग एका सकाळी ती अंथरुणातून उठेचना, आणि वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. आता प्रत्येक जेवणाआधी इंजेक्शन, आणि ते कायमचं. जेवणात पिष्टमय पदार्थ किती जाणार ते बघून इंजेक्शनचं प्रमाण ठरवायचं. अंदाजापेक्षा जास्त खाल्लं तर साखर चढणार, कमी खाल्लं तर उतरणार. चढलेली साखर हळूहळू त्रास देते. उतरलेली तिथल्या तिथे पोराला खाली बसवते.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, मुलगी दुपारी किती भात खाते? बायको म्हणाली, एक वाटी. बाई म्हणाल्या, कोणती वाटी? आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. आमच्या घरात लग्नातल्या आहेराच्या नाव घातलेल्या वाट्या, दिवाळीच्या भेटीतल्या, गावाकडून आलेल्या पितळी, आणि कुठल्याही जोडीतल्या नसलेल्या दोन-चार, अशा सगळ्या मिळून एक जत्रा होती. शिवाय वाटी काठोकाठ की वर ढीग लावून? दाबून की मोकळी? बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आधी एक डिजिटल काटा घ्या, मग आपण बोलू.

त्या रविवारी आम्ही घरातल्या सगळ्या वाट्यांचं ग्रॅममध्ये भाषांतर करायला बसलो. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. दिवसभर कंटेनरची वजनं बघणाऱ्या माणसाला वाटीभर रव्याचं काय एवढं. पण तांदळाच्या वाटीचं वजन त्याच वाटीतल्या पोह्यांच्या दुपटीहून जास्त भरलं. ज्वारीचं पीठ चाळून भरलं की एक, डब्यातून वाटी खुपसून काढलं की दुसरंच. मी तीच वाटी तीनदा भरली आणि तीनदा वेगळा आकडा आला, तेव्हा मी काट्यालाच शिव्या दिल्या. आई स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "पोहं हलकं आन् तांदूळ जड, ह्ये तुला आत्ता कळलं व्हय?"

मुलीला मात्र मजा वाटत होती. ती काट्यावर काय काय ठेवत होती, खोडरबर, लसणीची पाकळी, स्वतःची वेणी. सुईला घाबरणारी ही मुलगी आकड्यांना अजिबात घाबरत नव्हती, हे बघून मला त्या दिवशी पहिल्यांदा जरा बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत डब्यांच्या झाकणांवर मार्करने ग्रॅम लिहिले गेले आणि बायकोने ठरवलं की आता वाटीचा शब्द या घरात मुलीच्या जेवणापुरता बंद.

सुरुवातीला भाकरीने दगा दिला. पीठ बायको सकाळी मोजून ठेवून जायची, तरी भाकरीच्या दिवशी साखर चढायची. बायकोने एका सुट्टीच्या दिवशी ओट्याशी उभं राहून बघितलं आणि तिला कारण सापडलं. मोजलेलं पीठ मळून झालं की भाकरी थापताना आई परातीत खाली कोरडं पीठ घ्यायची. ते कुणी मोजलंच नव्हतं. मग थापायचं पीठसुद्धा आधीच मोजून वेगळं काढायला लागलो, आणि भाकरी वठणीवर आली. बायको दोन दिवस अशा थाटात वावरत होती की जणू तिनेच इन्सुलिनचा शोध लावलाय. मी चिडवलं, पण मनातून मलाही अभिमान वाटला होता.

मग भात मोजायला घेतला आणि तिथे सगळं फिसकटलं.

आधी मुलीचा भात सगळ्यांच्या भातातूनच वाढला जायचा, अंदाजाने, आणि इंजेक्शनही डॉक्टरांनी जरा हात राखूनच दिलेलं होतं. आता आहारतज्ज्ञ बाईंच्या सांगण्यावरून तिचा तांदूळ वेगळा, कोरडा असताना पन्नास ग्रॅम मोजायचा, कुकरमध्ये वेगळ्या छोट्या डब्यात लावायचा, आणि तो सगळा तिला वाढायचा. इंजेक्शन त्या पन्नास ग्रॅमच्या हिशोबाने. यात चुकायला जागाच नव्हती. मुलगी साडेबाराला शाळेतून यायची, पोटावर स्वतः इन्सुलिनचं पेन लावायची, आई त्यावरचा आकडा बघायची, जेवण व्हायचं. आणि चार वाजता तिचे हात थरथरायला लागायचे. घामाने कपाळ ओलं, तोंड पांढरं, बोट टोचलं की साखर सत्तरच्या खाली. साखरपाणी दिलं की पंधरावीस मिनिटांत पुन्हा ठीक. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच.

एकदा ती खाली सोसायटीच्या बागेत खेळत असताना घसरगुंडीपाशीच बसली आणि तिला उठता येईना. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला उचलून वर आणलं. त्या दिवसापासून तिचं खाली जाणं बंद झालं. चार ते सहा, सगळी पोरं खाली, आणि ही गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून उभी. मला फोनवर सांगायची, "पप्पा, आज मी अम्पायर होते. वरूनच." तिला मी हसून उत्तर द्यायचो आणि फोन ठेवल्यावर यार्डात ज्याच्यात्याच्यावर खेकसायचो.

डॉक्टरांनी सगळेच डोस थोडे कमी केले. मग रात्रीच्या भाकरीनंतर साखर चढायला लागली, म्हणून ते पुन्हा पहिल्यावर आणले. तोवर आमच्या लक्षात आलं होतं की रविवारी काही होत नाही. रविवारी बायको स्वयंपाक करते. तोच काटा, तोच तांदूळ, तोच पन्नास ग्रॅम, आणि चार वाजता साखर एकदम सरळ. बायकोने हे मला हळू आवाजात सांगितलं. पण आमचं घर केवढं, तिथे हळू आवाज नावाची गोष्टच नाही. आईने ऐकलं.

संध्याकाळी ती मला म्हणाली, मला गावाला सोडून ये, थोरल्याकडं. मी अंदाजानं वाढत हुते तवा पोरगी खेळत हुती, तुमचा काटा आला आन् तिला घाम फुटाया लागला. आता काट्यानं वाढून बी माझ्याच हातानं व्हतंय म्हणल्यावर माझ्या हातातच काय तरी हाय. मी वैतागून म्हणालो, हातात काय असणार, हात का विषारी असतो? ती म्हणाली, मला काय म्हाईत. मलाही काही माहीत नव्हतं.

मी एक दिवस रजा टाकली आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. आईने त्या दिवशी घडीची साडी नेसली होती, साहेब तपासणीला येणार असावेत तशी. काट्यात नवीन सेल घातले. मिठाची एक किलोची न फोडलेली पिशवी ठेवून काटा तपासला, बरोबर होता. रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला. आईने तांदळाचा डबा उघडला, वाटीत तांदूळ घातले. त्रेपन्न. तिने दाणे कमी केले. पन्नास. माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. ती तांदूळ घेऊन वळली, मी कुकरचं पाणी बघितलं, शिट्ट्या मोजल्या, ताटात भात सगळा आलाय का बघितलं, मुलीने शेवटच्या शितापर्यंत संपवलाय का बघितलं. पेनवरचा आकडा दोनदा बघितला. सगळं चोख.

चार वाजता तिची साखर चौसष्ट होती.

तेव्हा मी खरा घाबरलो. आतापर्यंत मनात कुठेतरी होतं की आईची काहीतरी गफलत होत असणार आणि ती मी पकडणार. आता गफलत नाही म्हणजे दोष मुलीच्या शरीरातच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असंच चालू राहिलं तर सोमवारी घेऊन या, दोन-चार दिवस दाखल करून बघू. त्यांनी आवाज अगदी साधा ठेवला होता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. आईने पिशवीत आपल्या साड्या भरायला घेतल्या होत्या. मी ती पिशवी उचलून माळ्यावर फेकली. त्या माळ्याला तिचा हात पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी यार्डात एका ट्रकची भानगड झाली. आमच्याकडे निर्यातीचा माल आत येताना काट्यावर वजन होतं आणि पुढे शेडमध्ये उतरवताना पुन्हा बघतात. कागदावरचं आणि शेडमधलं वजन जुळत नव्हतं. काट्यावर बसणारा माझा सहकारी कपाळाला हात लावून सांगत होता की साहेब, आकडा मी स्वतः बघितलाय, काटा कालच तपासून घेतलाय. मी माझ्या त्या दिवसांच्या स्वभावाला धरून त्याच्यावर ओरडलो. काट्याकडे काय बघत बसलायस, म्हटलं, काट्यानंतर शेडपर्यंत गाडी कुठे थांबली ते बघ. गाडी थांबली होतीच. ड्रायव्हरने दुसऱ्या पार्टीच्या चार पेट्या वाटेतच यार्डातल्या एका गोदामात उतरवल्या होत्या, अगदी प्रामाणिकपणे, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून.

हे सगळं उलगडून झाल्यावर मी चहा घ्यायला वळलो आणि तिथेच उभा राहिलो. काट्यानंतर. मी काल काटा बघितला, कुकर बघितला, ताट बघितलं. काट्यावरून तांदूळ उचलल्यापासून तो धुवायला घेईपर्यंत मी कुठे बघत होतो? कुकरच्या पाण्याकडे.

घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. मी घरी फोन लावला. आईने उचलला. मागे मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती, म्हणजे नुकतीच आली होती.

"आई, तांदूळ काट्यावरून उचललास की काय करतेस?"

"काय करणार? धुती."

"धुवायच्या आधी?"

"आधी काय न्हाई. वाटी उचलायची, डब्याचं डब्याला द्यायचं, आन् धुवायचं."

"डब्याचं डब्याला म्हणजे?"

"आरं, डब्यातनं घेतलेलं सगळंच्या सगळं न्हेऊ नये. थोडं माघारी टाकायचं. तुला म्हाईत न्हाई व्हय? जलमभर तेच तर करती."

मला माहीत होतं. लहानपणापासून मी ते बघत आलो होतो. तांदूळ काढायचे, पीठ काढायचं, आणि त्यातलं थोडं परत डब्यात टाकायचं, म्हणजे डबा रिकामा होत नाही, घरात बरकत राहते. माझी आजी करायची, आई करते, गावाकडच्या माझ्या वहिनीसुद्धा करतात. इतकं रोजचं की त्याला कुणी कृती म्हणतच नाही. भाजी निवडताना बायका पदर सावरतात, ते का कुणी पाककृतीत लिहितं?

मी विचारलं, किती टाकतेस? ती म्हणाली, मूठभर. मग मागून मुलीचा आवाज आला. "पप्पा, आजी रोज टाकते. मला माहितीय."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं ते सगळ्यांना माहितीय."

तिचं बरोबरच होतं. सगळ्यांना माहीत होतंच. बायकोच्या माहेरी ही पद्धत नाही, म्हणून ती करत नाही, म्हणून रविवार सरळ. आणि मी इतकी वर्षं बघत आल्यामुळे माझ्या डोळ्यांना ते दिसेनासं झालं होतं. मी मुलीला सांगितलं, पेन अजून लावू नकोस. आईला म्हटलं, रोज टाकतेस तशी मूठ भर आणि काट्यावर ठेव. फोनमधून डबा उघडल्याचा आवाज आला, मग काट्याचा टुक असा आवाज, आणि मग मुलीने आकडा वाचला. अठरा.

पन्नासातून अठरा गेले, राहिले बत्तीस. एवढे दिवस माझी पोर बत्तीस ग्रॅम तांदळाचा भात खात होती आणि पन्नास ग्रॅमचं इंजेक्शन घेत होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते मोठ्याने हसले. त्यांनी त्या जेवणापुरता डोस कमी करून सांगितला. तो मी मुलीला सांगितला, तिने आजीला दाखवून पेन फिरवलं, लावलं, आणि फोन ठेवून जेवायला बसली.

त्या दुपारी मी काम काय केलं ते मला आठवत नाही. चारच्या सुमाराला शेडच्या मागे एका रिकाम्या कंटेनरच्या सावलीत जाऊन उभा राहिलो. फोन माझ्याच हातात होता तरी तो वाजला तेव्हा दचकलो. मुलगी म्हणाली, एकशे एकवीस. मी म्हटलं, पुन्हा सांग. ती म्हणाली, "एकशे एकवीस, पप्पा. टेन्शन नको घेऊ." मी तिथेच खाली बसलो. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही थांबवायची मला काही गरज वाटली नाही. एक क्लीनर पलीकडे टायरवर पाणी मारत होता. त्याने बघितलं आणि शहाण्यासारखी पाठ फिरवली.

घरी पोचलो तेव्हा बायको माझ्या आधीच आली होती. तिला मी फोनवर सांगितलं होतं तरी तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं. ट्रकच्या भागावर ती खूप हसली. म्हणाली, माझी भाकरी तुझ्या ट्रकपेक्षा लवकर सापडली होती. मी ते मान्य केलं. त्या दिवशी मी काहीही मान्य केलं असतं.

आई मात्र हसत नव्हती. ओट्याला टेकून खाली बसली होती. म्हणाली, "म्हंजी मी लेकराच्या तोंडचा घास काढत हुते व्हय?"

बायको तिच्याजवळ जमिनीवर बसली. गेले काही दिवस त्या दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होत होतं. बायको म्हणाली, "आई, तुम्ही डब्यात टाकायचं थांबवू नका. फक्त आधी टाका आणि मग काट्यावर ठेवा. डब्याचं डब्याला मिळेल, तिचं तिला." आईने थोडा विचार केला. एवढ्या साध्या गोष्टीवर विचार कसला करायचा असं मला वाटलं. मग ती म्हणाली, चालतंय की. त्याला काय हुतंय.

माळ्यावरची पिशवी मी काढून दिली. सोमवारी हॉस्पिटलात जावं लागलं नाही. चार वाजताचे आकडे एकेक करून सरळ येत गेले, आणि आम्ही ते फोनवर एकमेकांना सांगायचो, पुढे पुढे सांगायचंही विसरायला लागलो. मुलगी खाली जायला लागली. पहिल्या दिवशी ती जिन्यावरून उतरली ती धावतच, आणि वर आली ती गुडघा फोडून घेऊन. फुटलेल्या गुडघ्याचा मला एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

मग एकदा शनिवारी मी घरी होतो. आई आमचा सगळ्यांचा तांदूळ काढत होती. तिने मोठ्या वाटीने तांदूळ घेतले आणि त्यातले चिमूटभर परत टाकले. चारसहा दाणे असतील, फार तर दहा. मग मुलीचे काढले आणि त्यातली अख्खी मूठ परत टाकली, मग काट्यावर ठेवून पुन्हा पन्नास भरले. मला गंमत वाटली. मी म्हटलं, हा काय न्याय? आमच्या एवढ्या तांदळातून चिमूट, आणि तिच्या एवढ्याशातून मूठ? उलटं पाहिजे ना? मला वाटलं, ती काहीतरी फिरवून उत्तर देईल.

काट्याकडे बघतच ती म्हणाली, "आदी सगळ्यांच्यातनं मिळून चिमूटच टाकत हुते. दवाखान्यातनं आणली, तिचं येगळं शिजाया लागलं, तवापास्नं मूठ."

"का?"

"तुमचं हाय की पुष्कळ. तिचा वाटा डब्यात ऱ्हायला पायजे. उद्याच्याला. परवाच्याला."

एवढं बोलून तिने तांदूळ धुवायला घेतले. मला आठवलं, हॉस्पिटलातल्या त्या रात्रींनंतर घरी आल्यावर मी आणि बायकोने एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं की हे पोर मोठं होईल ना. तो प्रश्न आम्ही दोघांनीही कुठेतरी दडपून ठेवला होता आणि आकड्यांच्या मागे लागलो होतो. आईने तो रोज मुठीत धरून डब्यात टाकला होता. त्यापायीच मुलीला घाम फुटत होता, हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बायको बाजारात गेली होती, म्हणून मुलीचा तांदूळ मोजायला मी घेतला. आई दारात उभी होती, मी काय चुकतोय ते बघायला. मी वाटीत तांदूळ काढले. मी असलं काही मानत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी त्यातली मूठ भरली, माझी मूठ आईच्या मुठीपेक्षा मोठी आहे, आणि ती डब्यात परत टाकली. मग वाटी काट्यावर ठेवली आणि पन्नास होईपर्यंत दाणे घालत राहिलो.